शिकागोच्या सबर्बमधलं हायस्कूल: नववीतल्या मुलीने नेमकं कशात भाग घ्यावा?

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. कंपनीच्या बदलीमुळे आम्ही जूनअखेर पुण्याहून शिकागोच्या वायव्येकडच्या सबर्बमध्ये येतोय. मुलगी नुकतीच आठवी झाली, ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये नववीत जाईल. घर अजून ठरलेलं नाही, पण दोन-तीन शाळांच्या वेबसाइट बघून ठेवल्यात आणि गरगरायलाच झालंय. पोहण्याचा तलाव, फील्डहाउस नावाचं काहीतरी अवाढव्य, आपल्याकडच्या गावाला पुरेल असं नाट्यगृह, शिवाय मुलांना गाड्या दुरुस्त करायला शिकवणारं गॅरेज. क्लबांची यादी अंगठा दुखेपर्यंत खाली जाते. डिबेट, रोबोटिक्स समजू शकतो. पण विणकामाचा क्लब आणि बास जातीचे मासे पकडणारी टीमसुद्धा? थट्टा तर नाही ना ही?

मुलगी इथे शाळेच्या संघातून खो-खो खेळते आणि संध्याकाळी बॅडमिंटन. अभ्यासात बरी आहे. स्वभावाने बुजरी, पण एकदा ओळख झाली की तोंड बंद होत नाही. बायको म्हणते, पहिलं वर्ष नुसता अभ्यास करू दे, रुळू दे, मग बघू. तिकडचा सहकारी म्हणतो, पहिल्या दिवसापासून पाच-सहा ठिकाणी नाव घाल, कॉलेजवाले अर्जात तेच बघतात. मला यातलं धड काहीच पटत नाहीये.

तर नव्या मुलीला या टीम आणि क्लबांत खरंच शिरकाव मिळतो का? खर्च कितपत? अभ्यासाचं काय होतं? आणि बॅडमिंटन तिकडे कोणी खेळतं का, की रॅकेट इथेच भाचीला देऊन येऊ?

दोन_पोरांचा_बाप

रॅकेट आणा. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, बॅडमिंटन हा मुलींचा अधिकृत शालेय खेळ आहे, पार राज्य पातळीपर्यंत सामने होतात. फक्त सीझन स्प्रिंगमध्ये, तेव्हा मार्च उजाडेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मुलग्यांसाठी मात्र नाही. आमच्या धाकट्याने त्यावरून महिनाभर तोंड फुगवलं होतं.

माशांची थट्टा नाही. राज्याची शालेय क्रीडा संघटना, आयएचएसए, २००९ पासून बास फिशिंगची रीतसर स्पर्धा घेते.

आणि घराची सही करण्याआधी पत्ता कुठल्या हायस्कूलच्या हद्दीत पडतो ते शाळेलाच फोन करून विचारा. रस्त्याच्या या अंगाला एक शाळा, त्या अंगाला दुसरी, असं इथे सर्रास असतं. त्यात आपल्या भागातल्या बऱ्याच सबर्बांत आठवीपर्यंतचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, वेगळा आणि हायस्कूलचा वेगळा. एजंट 'स्कूल डिस्ट्रिक्ट उत्तम आहे' म्हणाला की 'कुठला?' असं विचारायचं.

बाकीचं लंचरूमवाली ताई सांगतील. ताई, आहात ना?

लंचरूमवाली

आहे आहे, पोळ्या आटपून बसले आत्ता.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. माहेर साताऱ्याचं. दोन्ही मुली इथल्याच एका सरकारी हायस्कूलमधून बाहेर पडल्या आणि मी त्याच शाळेत दुपारची लंचरूम सुपरवायझर आहे. जेवणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचं, सांडलेलं दूध ज्याचं त्याला पुसायला लावायचं, बाचाबाची वाढायच्या आत जाऊन नुसतं शेजारी उभं राहायचं, हे माझं काम. शिक्षकांना मूल वर्गात दिसतं, आईबापांना गाडीत. मला ते जेवताना दिसतं.

म्हणून सांगते दादा, कॉलेजचा अर्ज अजून तीन वर्षं लांब आहे. तुमच्या लेकीची परीक्षा शाळेच्या पहिल्याच दिवशी अकरा-साडेअकराला आहे. हातात ट्रे घेऊन बसायचं कुठे?

दोन-अडीच हजार पोरांची शाळा. सगळ्यांना एकदम जेवायला सोडत नाहीत, पाळ्या असतात. चौथ्या तासाला काही, पाचव्याला काही, असं सातव्यापर्यंत चालतं. कुणाला कुठली पाळी हे वेळापत्रक लावणारा कॉम्प्युटर ठरवतो. वर्गात एखादी मैत्रीण झाली तरी तिची पाळी पाचवी आणि आपली सहावी, असं हमखास होतं. बाकीची फ्रेशमन, म्हणजे नववीतली पोरं आपापल्या ज्युनियर हायमधून, म्हणजे आठवीपर्यंतच्या शाळेतून, टोळक्याने आलेली असतात, त्यांची टेबलं पहिल्या पाच मिनिटांत भरतात. नवीन मूल मग दोनपैकी एक काहीतरी करतं. एक तर लायब्ररीचा पास मागतं, 'होमवर्क राहिलाय' म्हणून. पहिल्या दिवशी होमवर्क कुठला? नाहीतर टेबलाच्या कडेला, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसतं आणि फोनवर बोट फिरवत राहतं. मला आता लांबूनही ओळखू येतं. बोट फिरत असतं पण डोळे स्क्रीनवर नसतात, शेजारी काय बोलणं चाललंय तिकडे कान लागलेले असतात.

यावर माझ्या माहितीत एकच औषध आहे: शाळा सुरू होण्याच्या आधी सुरू होणारी टीम. इथे खेळांचे तीन सीझन असतात, फॉल, विंटर, स्प्रिंग. फॉलच्या खेळांची प्रॅक्टिस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, शाळा उघडायच्या काही दिवस आधी. जून-जुलैमध्येही बहुतेक टीम समर कॅम्प घेतात. म्हणजे शाळेचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा मुलीला तीस-चाळीस चेहरे नावानिशी माहीत असतात, त्यातल्या काही वरच्या वर्गातल्या असतात आणि त्यातली एखादी तरी तिच्या लंचला असतेच. झालं, ट्रे ठेवायला जागा मिळाली.

आता कुठली टीम? इथे दोन शब्द लक्षात ठेवा, 'कट' आणि 'नो-कट'. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, सॉकर यांना ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या असतात आणि मोठ्या शाळेत निम्म्याहून जास्त पोरं गळतात. ती सहावी-सातवीपासून खासगी क्लबांत हजारो डॉलर भरून खेळत आलेली असतात, तुमच्या लेकीने त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात का झुंजावं? बॅडमिंटनलाही ट्रायआउट असतील, पण त्यात ती निभावेल असं दिसतंय. फॉलमध्ये मात्र क्रॉसकंट्री. नो-कट. जी येईल ती टीममध्ये. आणि खो-खो खेळणारी मुलगी म्हणजे पाय आणि दम दोन्ही तयार असलेली मुलगी. इथल्या कोचला खो-खो म्हणजे काय ते कळणार नाही, पण पहिल्या दिवशी तिला वळताना बघितलं की तो विचारेल, ही कुठून आली?

क्रॉसकंट्री म्हणजे बागेतून, गवतावरून, चढ-उतारावरून तीन मैल पळायचं. इतर राज्यांत बहुतेक ठिकाणी पाच किलोमीटर असतं, इलिनॉयमध्ये तीन मैलच, थोडं कमी. मला आधी वाटायचं यात बघण्यासारखं काय आहे? पोरी झाडीत गेल्या, वीस मिनिटांनी झाडीतून आल्या. पण त्याचा हिशोब समजला आणि मला वेडच लागलं. प्रत्येक शाळेच्या सात जणी मुख्य शर्यतीत पळतात. त्यातल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक घेऊन बेरीज करायची, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. पाचही जणी सगळ्यांच्या पुढे आल्या तर एक ते पाच मिळून पंधरा, त्याहून भारी गुण नाही. सहावी-सातवीचे गुण धरत नाहीत, पण त्या समोरच्या टीमच्या पाचवीच्या पुढे घुसल्या तर तिचा क्रमांक मागे ढकलतात. म्हणजे तुमची पहिली आलेली पोरगी कितीही सुसाट असो, जिंकणं-हरणं बहुतेक वेळा पाचवीवर ठरतं.

एका शनिवारची गोष्ट सांगते. शेवटच्या वळणावर मी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी. कोच शेजारी पेन्सिल घेऊन पॅडवर आकडे मांडतोय. आमच्या चौघी गेल्या. पाचवीचा पत्ता नाही. कोच पुटपुटला, दोन गुणांनी मागे आहोत. तेवढ्यात ती आली. धापा टाकत, एक मोजा घसरलेला, चेहरा लालेलाल. वर्षभरापूर्वी याच पोरीला मी लायब्ररीचे पास लिहून देत होते. अख्खी टीम दोरीपाशी येऊन तिच्या नावाने किंचाळायला लागली आणि तिने शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिघींना मागे टाकलं. त्यातली एक समोरच्या शाळेची पाचवी होती. आमचे तीन गुण कमी झाले, त्यांचा एक वाढला. दोन गुणांनी जिंकलो. त्या शर्यतीत पहिली कोण आली ते मला आज आठवत नाही.

मुख्य सात जणींत नंबर लागला नाही तरी बिघडत नाही, बाकीच्यांसाठी जेव्हीची, म्हणजे दुसऱ्या फळीची शर्यत असते, त्यात सगळ्या पळतात. राज्याची अंतिम शर्यत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिओरियाच्या डेटवायलर पार्कात होते. पोरगी तिथवर जावो न जावो, टीमसोबत बघायला म्हणून जरूर जाऊ दे. इतकी माणसं पळणाऱ्या पोरांना बघायला येतात हे आपल्याला खरंच वाटत नाही.

आता बाकीच्या प्रश्नांचं झटपट.

अभ्यास. आयएचएसएचा नियमच आहे की खेळायचं तर दर आठवड्याला २५ क्रेडिट तासांचे, म्हणजे साधारण पाच विषय पास असले पाहिजेत. शाळा दर आठवड्याला यादी काढते, त्यात नाव आलं की त्या आठवड्यात खेळ बंद. पोरी कोचच्या धाकाने होमवर्क करतात, आयांच्या नाही. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर दोनेक तास, सीझन संपला की मोकळं. दोन खेळ एका सीझनला घेऊ नका, आणि फॉलमध्ये खेळ असेल तर क्लब एकच.

खर्च. शाळेची खेळाची फी प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी, ती वेबसाइटवर असते. परवडत नसेल त्यांना माफी असते. क्रॉसकंट्रीला खरा खर्च बुटांचा आणि घरी आल्यावर जी भूक लागते तिचा.

ने-आण. संध्याकाळी टीमवाल्यांसाठी उशिराची बस असते, पण ती अख्खं गाव फिरवून सोडते. दोन-तीन घरं मिळून गाडीच्या पाळ्या लावा. दहावीत शाळेतच ड्रायव्हिंग शिकवतात, सोळाव्या वर्षी लायसन्स निघालं की तुम्ही सुटलात. म्हणजे काळजीतून नाही, फेऱ्यांतून.

इमारत. वेबसाइटवरचे फोटो बघून दिपून जाऊ नका, मुलं तिसऱ्या दिवशी त्या सगळ्याकडे बघायचीही थांबतात. कामाचं काय तेवढं सांगते. फील्डहाउस म्हणजे छपराखालचं मैदान, कडेने पळायचा ट्रॅक, मध्ये तीन-चार कोर्ट. जानेवारीत बाहेर उणे पंधरा असतं तेव्हा ट्रॅक टीम आत पळते. ट्रेनरची खोली माहीत असू दे, पाय मुरगळला की बर्फ, पट्टी, व्यायाम तिथे फुकट मिळतो आणि ट्रेनरने हो म्हटल्याशिवाय कोच खेळवू शकत नाही. आणि तलाव. ज्या शाळेत तलाव आहे तिथे पीईच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या तासात पोहणं बहुधा येतंच. तिला पोहता येत नसेल तर पुण्यातच दोन महिने शिकवून आणा. येत नसलं तरी शिकवतात, पण चौदाव्या वर्षी नव्या देशात, नव्या वर्गासमोर, उथळ कोपऱ्यात चौघींबरोबर उभं राहायचं, तेवढं टाळता आलं तर बरं.

एक मनातलं. आपण मुलींच्या आया या सगळ्याला गृहीत धरतो. १९७१-७२ साली अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखसुद्धा नव्हत्या. १९७२ साली टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलींना डावलता येईना. आज तो आकडा तीस लाखांच्या वर आहे. आयएचएसएने २०२२ पासून मुलींच्या कुस्तीचीही वेगळी राज्य स्पर्धा सुरू केलीय. मी साताऱ्याची, आखाड्याच्या दारातूनसुद्धा आत डोकावू दिलं नव्हतं कुणी. इथे आमच्या जिममध्ये गव्हाळ रंगाची एक बारकी पोरगी समोरचीला चीतपट करते तेव्हा माझी शिट्टी सगळ्यात मोठी असते. सुपरवायझर असून.

घोडा_अडीच_घर

मी इथलाच प्रॉडक्ट, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या. काकूंशी ९० टक्के सहमत, पण पळणं हा एकच उपाय नाही. मला पळायचा मनापासून कंटाळा. मी चेस टीममध्ये होतो.

इलिनॉयमध्ये चेससुद्धा आयएचएसएच्या छत्राखाली येतो, म्हणजे तो 'क्लब' नाही, टीम आहे. मुलं-मुली एकत्र. मॅचला आठ बोर्ड लावतात, ताकदीच्या क्रमाने. पहिला बोर्ड जिंकला तर १२ गुण, दुसरा ११, असं उतरत आठव्याला ५. सगळे मिळून ६८, साडेचौतीस झाले की मॅच खिशात. मी सातव्या बोर्डवर, म्हणजे जिंकलो तर ६. ऐकायला कमी वाटतं ना? वरच्या चार बोर्डांवर दोन जिंकले, दोन हरले की सगळे उठून खालच्या बोर्डांभोवती येऊन उभे राहतात. बोलायला परवानगी नाही, नुसतं उभं राहायचं. पंधराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हत्तीच्या चालीकडे श्वास रोखून बघत होतं.

आमच्या टीममधला एक जण आधी कधी स्पर्धा खेळलाच नव्हता, नियम आजोबांकडून शिकलेला. हिवाळाभर बसला, फेब्रुवारीत आमच्याबरोबर पिओरियाला स्टेटला आला. त्यामुळे तुमच्या मुलीला बुद्धिबळ येत असेल तर विंटरसाठी हे धरा. प्रॅक्टिस एखाद्या शिक्षकाच्या वर्गात होते, लायब्ररीपेक्षा गरम असतो आणि कुणीतरी चिप्स आणतंच.

क्लब निवडताना एक ट्रिक. यादीत साठ नावं असतात, पण त्यातले जिवंत किती ते बघा. काही फक्त एखाद्या सीनियरच्या अर्जासाठी जन्मलेले असतात, तो ग्रॅज्युएट झाला की क्लब वारला. दर आठवड्याला भेटतात का आणि भेटून काही करतात का, हे दोनच प्रश्न विचारायचे. नाटकाच्या मागची मंडळी, म्हणजे सेट बांधणारे, लाइट लावणारे, हे बुजऱ्या मुलांसाठी बेस्ट. हातात ड्रिल असलं की गप्पा आपोआप होतात.

परखड

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो. हे फील्डहाउस आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, तुमच्या-आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतं. इलिनॉयमध्ये शाळांचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातूनच उभा राहतो, भाडेकरू असलात तरी तो भाड्यात मुरलेला असतो. कर्जरोखे काढायला सार्वमत घेतात, तेव्हा पत्रकावर विज्ञानाच्या लॅबचा फोटो असतो आणि बांधून होतो तो स्टेडियमचा प्रेस बॉक्स. पंधरा मैलांवर अशी हायस्कूल आहेत जिथे तलाव बंद पडलाय आणि बँडला वाद्यं पुरत नाहीत, कारण तिथली घरं स्वस्त. आपण चांगल्या पिन कोडात राहतो म्हणून आपली पोरं 'अष्टपैलू' ठरतात.

दुसरं, खेळावर कॉलेज स्कॉलरशिप वगैरे स्वप्नं कुणी दाखवली तर हसून सोडून द्या. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेच्याच आकड्यांत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरांतले साधारण सहा-सात कॉलेजच्या टीमपर्यंत पोचतात. पैसे मिळणारे त्याहून कमी.

लंचरूमवाली

परखडभाऊ, पैशाचं म्हणता ते खरं आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. २०१७ साली राज्याने निधीवाटपाचा नवा कायदा केला, गरजू डिस्ट्रिक्टांना नवा पैसा आधी जावा म्हणून. फरक पडतोय, पण मुंगीच्या पावलांनी. आमच्या पोरी पळायला अशा शाळांत जातात, तिथे जिथे बसायला सांगतात ती व्यायामशाळा आणि आमची व्यायामशाळा यांत काय अंतर आहे ते त्यांना दिसतं. एकीने येऊन मला विचारलं होतं, त्यांच्याकडे आपल्यासारखं का नाही? मी तिला टॅक्सचं बिल दाखवायला सांगितलं वडिलांना.

प्रेस बॉक्सवर मात्र थोडं बोलते. त्या टर्फवर शुक्रवारी रात्री फुटबॉल दिसतो, म्हणून सगळ्यांना तो फुटबॉलचा वाटतो. सकाळी तिथे पीई, दुपारी सॉकर, संध्याकाळी मार्चिंग बँड. बँडची पोरं ऑगस्टच्या उन्हात गळ्यात ट्युबा अडकवून तासन् तास उलटं चालायला शिकतात, त्यांना खेळाडू म्हणत नाहीत एवढंच. आणि शुक्रवारी मॅचला जाल तेव्हा नाचोच्या खिडकीतून कोण पैसे घेतंय ते बघा, पालकच असतात. त्या नाचोतून टीमच्या बसचे, जेवणाचे पैसे निघतात. तुम्ही एकदा खिडकीत उभे राहा, एका संध्याकाळी जेवढे पालक ओळखीचे होतील तेवढे मंडळाच्या गणपतीतही होत नाहीत.

नदीकाठच्या दादांसाठी आणखी एक. तिला हवा तो क्लब शाळेत नसला तर काढता येतो. १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस कायद्याप्रमाणे शाळेने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका क्लबला जागा दिली की दुसऱ्याला त्याच्या विषयावरून नाही म्हणता येत नाही. पुढाकार मुलांचा हवा, आणि शाळा एक शिक्षक बसायला मागते. माझ्या धाकटीने आणि तिच्या मैत्रिणींनी असाच एक काढला होता, त्यांना बसायला मिळालेल्या जर्मनच्या बाईंना दुसऱ्या वर्षी लेझीम येत होतं. खो-खोचा काढा म्हणावं. मैदानाला रेघ मारायला पैसे लागत नाहीत.

नदीकाठचा

इतक्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती, मनापासून आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. चीतपट ऐकून तिचे डोळे चमकले, आता तिच्या आईला नवीन काळजी. क्रॉसकंट्रीला तयार आहे, अट एकच, बॅडमिंटन सुटता कामा नये. बायकोने विचारलंय की ऑगस्टच्या आधी कागदपत्रं काय लागतील, आणि बूट इथून घेऊन ठेवू का?

लंचरूमवाली

बूट इथून नको. टीमच्या पहिल्या आठवड्यात कोच सांगेल तसे, पळायच्या बुटांच्या दुकानात पाय मोजून घ्या. खिळ्यांचे स्पाइक्स पहिल्या वर्षी घ्यायची गरज नाही, वरच्या मुलींचे जुने मिळतात.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचं तिचं लसीकरणाचं कार्ड, अगदी जन्मापासूनचं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं. इलिनॉयमध्ये नववीला प्रवेश घेताना राज्याच्या छापील फॉर्मवर वैद्यकीय तपासणी लागतेच, इथल्या डॉक्टरकडून भरून घ्यायची. तीच तपासणी खेळालाही चालते आणि ३९५ दिवस धरतात. मात्र जुलैअखेरीला डॉक्टरांकडे नंबर लागत नाही, उतरल्या उतरल्या वेळ घ्या. बरोबर डोक्याच्या माराबद्दलचा, कन्कशनचा फॉर्म येईल, त्यावर तिची आणि तुमची दोघांची सही लागते. घराचा करार आणि विजेचं बिल पत्त्यासाठी. आठवीचं प्रगतिपुस्तक इंग्रजीत असलं तर तेवढं पुरतं.

आणि शाळेच्या वेबसाइटवर अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचा ईमेल असतो, त्याला मेमध्येच दोन ओळी टाका, की मुलगी येतेय, मुलींच्या क्रॉसकंट्रीचा समर कॅम्प कधी आहे? तो कोचला पुढे पाठवेल. आमच्याकडे कॅम्प सकाळी सातला असतो. उन्हाळ्यात तेवढ्या वाजता उठायची सवय पुण्यातच लावा, जेटलॅगचं निमित्त कोच दोनच दिवस ऐकतो.